पेट्रोलचा कर आणि रस्त्याचें ऋण

महिन्याचा जमाखर्च मांडावयास बसलें म्हणजे ज्या रकमेपाशीं मध्यमवर्गीय गृहस्थाची लेखणी क्षणभर थबकते, अशा रकमांत पेट्रोलची रक्कम आतां कायमची जाऊन बसली आहे. भाव चढला कीं आपण तेलकंपन्यांना, परदेशांतील राजकारणाला अथवा सरकारला दोष देऊन मोकळे होतों. परंतु त्या भावांत कराचा वांटा किती, तो कर प्रथम कशासाठीं बसला आणि त्या वेळीं लोकांना कोणतें वचन देण्यांत आलें होतें, याची विचारपूस आम्ही क्वचितच करतों. हा कर बदलावा किंवा नाहीं, या प्रश्नाचा उलगडा बराचसा त्या इतिहासांतच आहे, असें आम्हांस वाटतें. विशेष हें कीं, त्या इतिहासांतील दोन महत्त्वाच्या प्रसंगीं एकच महाराष्ट्रीय पुरुष उभा असलेला दिसतो. ते म्हणजे बॅ. मुकुंदराव जयकर.

हिंदुस्थानांत पेट्रोलवरील कराचा कायदा १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतां झाला. त्याचा रस्त्यांशीं कांहीं संबंध नव्हता. युद्ध संपल्यावर मोटारी झपाट्यानें वाढल्या. पण रस्ते मात्र बैलगाडीच्या काळचे होते. खडी, मुरूम आणि पाणी यांनीं दाबून केलेल्या सडका मोटारीच्या वेगवान् चाकांखालीं उखडूं लागल्या. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हें खातें प्रांतांकडे होतें, आणि पुष्कळशा सडका तर लोकल बोर्डांच्या माथीं होत्या. बोर्डांच्या तिजोऱ्या रिकाम्या. मग सडका सुधारणार कोण?

या प्रश्नाच्या विचारासाठीं १९२७ सालीं जयकरांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिटी नेमण्यांत आली. १९२८ च्या अहवालांत तिनें सांगितलें कीं, रस्त्यांची वाढ हें काम प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेरचें होऊं लागलें आहे. तें सर्व राष्ट्राच्या हिताचें असल्यामुळें मध्यवर्ती सरकारनें त्याचा भार उचलावा. उपाय साधा होता: पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो पैसा केवळ रस्त्यांसाठीं निराळा ठेवावा. त्याप्रमाणें मार्च १९२९ पासून कर चार आण्यांचा सहा आणे झाला व रस्ते-फंड स्थापन झाला. वर्षअखेर शिल्लक राहिलेली रक्कमही या फंडांतून बुडावयाची नव्हती. जो रस्ता वापरतो त्यानेंच रस्त्याची किंमत द्यावी, आणि घेतलेला पैसा त्याच कामीं लागावा, असा हा सरळ व्यवहार होता. करास संमति देणाऱ्या जनतेशीं झालेला तो एक करारच होता म्हणाना!

तथापि या करारांत एक उणीव आरंभापासूनच होती. मध्यवर्ती सरकारनें थोडा भाग राखून ठेवल्यावर उरलेली रक्कम प्रांतांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणांत मिळे. म्हणजे जेथें मोटारी अधिक तेथें पैसा अधिक. ज्या गांवाला पावसाळ्यांत वाटच राहात नसे, त्याची गरज या हिशेबांत कोठेंच धरलेली नव्हती. पुढें दोनच वर्षांनीं, १९३१ सालीं, मंदीमुळें सरकारी तिजोरी आटली. कर वाढत वाढत दहा आण्यांवर गेला. पण रस्त्यांच्या वांट्यास त्यांपैकीं अडीच आणेच आले. रस्त्यांच्या नांवानें लोकांच्या अंगवळणीं पडलेला कर इतर खर्चाची सोयीस्कर वाट बनला.

दुसरा प्रसंग १९३८ सालचा, नागपूरच्या राज्यकारभारांतला. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर किंमतीच्या शेंकडा पांच कर बसविला. हा उत्पादनावरील करच आहे, म्हणून तो प्रांताला घेतां येणार नाहीं, असें मध्यवर्ती सरकारचें म्हणणें होतें. नव्या फेडरल कोर्टाकडे हा प्रश्न अभिप्रायार्थ आला, आणि तो ऐकणाऱ्या तीन न्यायाधीशांत स्वतः जयकर होते! कोर्टानें निर्णय प्रांताच्या बाजूनें दिला: माल निर्माण झाल्यावरचा कर वेगळा, विक्रीवरचा कर वेगळा. प्रांतांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीनें हा निर्णय मोलाचा होता यांत शंका नाहीं. परंतु एकाच गॅलनावर दोन सरकारांचे हात पडावयास तेव्हांपासून कायद्याची मान्यता मिळाली.

ते दोन हात अद्याप तसेच आहेत. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तरी पेट्रोल व डिझेल त्याच्या कक्षेबाहेर राहिलें. २०२० सालीं जगांत तेल स्वस्त झालें, तेव्हां केंद्राचा कर पेट्रोलवर लिटरमागें ३२ रुपये ९८ पैसे इतका चढला. मे २०२२ पर्यंत तो १९ रुपये ९० पैशांवर उतरला. मधल्या काळांत, नोव्हेंबर १९२१ च्या नव्हे, तर २०२१ च्या कपातीनंतर, २७ रुपये ९० पैशांपैकीं राज्यांशीं वांटून घ्यावयाचा मूळ कर अवघा १ रुपया ४० पैसे होता. बाकीचा उपकर व अधिभार. राज्यांचा कर बहुतेक ठिकाणीं शेंकडेवारीनें, तोही केंद्राचा कर मिळविलेल्या किंमतीवर. म्हणजे करावर कर.

मग कर रद्द करावा काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. रस्ते फुकट होत नाहींत, आणि शहरांच्या हवेंत मिसळणाऱ्या धुराची किंमतही कोणी तरी दिलीच पाहिजे. पण मोटारवाल्यापाशीं हा कर थांबत नाहीं. डिझेलच्या ट्रकमधून येणाऱ्या भाजीबरोबर तो कधींही मोटारींत न बसणाऱ्या बाईच्या पिशवींत उतरतो. म्हणून रस्त्यांच्या नांवानें घेतलेल्या पैशाचा हिशेब लोकांपुढें यावा, राज्यांचा वांटा उपकराच्या आडोशाला लपूं नये, आणि राज्यांनीं शेंकडेवारी सोडून लिटरमागें ठराविक कर घ्यावा, एवढें आम्ही सुचवितों. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्यावर पेट्रोलमागें रस्त्याची किंमत वसूल करणें तसेंही कठीण होणार आहे. नवा कर शोधावा लागेल. तो शोधतांना १९२९ सालचा करार पुन्हां वाचला जावा. दोन आणे देतांना लोकांनीं कुरकूर केली असेल नसेल. पण ते कशाचे, हें त्यांना सांगितलें गेलें होतें.