ऑनलाइन सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन अभ्यासक्रम: शिकवणारे कोण असतात आणि निवडताना काय पाहावे?

तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असाल, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असाल किंवा एखाद्या संस्थेतर्फे वाड्यावस्त्यांवर काम करत असाल, तर सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात तुमच्या फोनवर येऊन गेली असेल. रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यात नोकरी सांभाळून शिकायचे, तर हा मार्ग सोयीचा आहे. बहुतेक जण फी, कालावधी आणि प्रमाणपत्र पाहून प्रवेश घेतात. शिकवणार कोण, हे विचारायचे राहून जाते. खरे तर पहिला प्रश्न तोच हवा.

या अभ्यासक्रमात काय शिकवतात?

दवाखान्यात आपण एका रुग्णाचा विचार करतो. इथे विचार करायचा असतो तो संपूर्ण लोकसंख्येचा. आजार कुठे आणि का वाढतो, आकडेवारी कशी वाचायची, औषधे वेळेवर कशी पोहोचवायची, माणसे आणि पैसा कसा वापरायचा, साथ किंवा आपत्ती आली तर काय करायचे, हे यातले मुख्य विषय.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर तालुका आणि जिल्हा पातळीवर अशा प्रशिक्षित माणसांची गरज वाढली. नवी दिल्लीची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था दूरशिक्षणाने असे अभ्यासक्रम चालवत आली आहे. आता अनेक विद्यापीठे आणि खासगी संस्थाही या क्षेत्रात आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. या पदविकेमुळे रुग्ण तपासण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा नवा अधिकार मिळत नाही.

शिकवणारे कोण असतात?

चांगल्या अभ्यासक्रमात एकाच प्रकारचे शिक्षक नसतात. साधारणपणे पुढील मंडळी असावीत:

- जनऔषधवैद्यकशास्त्राचे डॉक्टर: रोगप्रसार, लसीकरण, माता-बाल आरोग्य आणि राष्ट्रीय कार्यक्रम शिकवतात.
- संख्याशास्त्रज्ञ: टक्केवारीमागे काय दडले आहे, ते दाखवतात.
- व्यवस्थापन आणि वित्त विषयांचे शिक्षक: औषधसाठा, खरेदी, मनुष्यबळ, अंदाजपत्रक हे विषय घेतात.
- समाजशास्त्रज्ञ: लोक दवाखान्यात का येतात आणि का येत नाहीत, हे समजावतात.
- प्रत्यक्ष काम केलेले अधिकारी आणि कार्यकर्ते: निवृत्त तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, स्वयंसेवी संस्थांतील अनुभवी माणसे.
- मार्गदर्शक: तुमचा स्वाध्याय वाचून त्यावर शेरा देणारी व्यक्ती. जाहिरातीत यांचे नाव क्वचितच असते, पण तुम्ही किती शिकाल हे बरेचसे यांच्यावर ठरते.

चांगला शिक्षक कसा ओळखावा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर्जत तालुक्यातील एका कातकरी वाडीच्या यादीत लसीकरणाच्या वयाची ६० मुले आहेत. लसीकरण सत्रांच्या दिवसांत वाडीवर ४२ मुले हजर होती. त्यांतील ४० जणांना लस मिळाली. हजर मुलांवरून हिशेब केला तर ९५ टक्के काम झाले. यादीवरून केला तर जेमतेम ६७ टक्के.

नुसती चित्रफीत दाखवणारा शिक्षक टक्केवारीचे सूत्र सांगून पुढे जाईल. चांगला शिक्षक विचारेल, ‘उरलेली १८ मुले कुठे आहेत?’

उत्तर या भागात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लेकरे सोबतच जातात. घरच्या वाडीच्या यादीत ती ‘गैरहजर’ आणि भट्टीजवळच्या उपकेंद्राच्या यादीत नाहीतच. गोवराची लस ९ ते १२ महिन्यांत आणि नंतर १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. हे वय भट्टीवरच सरले, तर मूल लसीविना राहते. अशी मुले एकाच ठिकाणी जमली की गोवराला वाट मोकळी होते.

म्हणून पुढचा प्रश्न व्यवस्थापनाचा. स्थलांतराआधी सत्र घ्यायचे का? भट्ट्यांची यादी कोण करणार? एका तालुक्याने दुसऱ्याला नावे कशी कळवायची? सरकारी निकषानुसार उपकेंद्र सपाट भागात ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे असते. पण माणसेच वर्षातले काही महिने जागा बदलत असतील, तर हा निकष कसा लावायचा? असे प्रश्न वर्गात निघत असतील, तर शिक्षक योग्य आहेत असे समजा.

रायगडनेच दिलेले दोन धडे

*विंचूदंश:* डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात याच जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. विषाचा हृदयावर होणारा परिणाम आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून जगापुढे मांडला. उपचार सापडला, पण गोळी केंद्राच्या कपाटात हवी, ती कधी द्यायची हे ड्युटीवरच्या डॉक्टरला ठाऊक हवे आणि रुग्ण वेळेत पोहोचायला हवा. ही पुढची साखळी म्हणजेच आरोग्य व्यवस्थापन.

*इर्शाळवाडी:* १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके पावसात, चिखलातून डोंगर चढून गेली. आपत्तीचा धडा शिकवताना शिक्षकाने हे विचारायला हवे: अशा वाडीतल्या गरोदर महिला, तान्ही बाळे, क्षयरोगाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे रुग्ण यांची ताजी यादी पावसाळ्याआधी कुणाकडे असावी? ती फक्त वाडीतल्याच वहीत असेल, तर त्या रात्री तिचा उपयोग नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी हे विचारा

१. शिक्षकांची नावे, पदव्या आणि कामाचा अनुभव लेखी मिळेल का? पाहुणे वक्ते किती आणि नियमित शिक्षक किती?
२. थेट वर्ग आठवड्याला किती? की सगळे आधी चित्रित केलेले आहे?
३. स्वाध्याय कोण तपासते? नुसते गुण मिळतात की लेखी शेरा?
४. प्रकल्प स्वतःच्या कार्यक्षेत्रात करता येतो का? तो मराठीत मांडता येतो का?
५. रेंज नसताना वर्ग चुकला तर ध्वनिमुद्रण किंवा टिपणे मिळतात का?
६. विद्यापीठाला हा अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची परवानगी आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटच्या शब्दावर विसंबू नका.
७. नोकरीत बढती किंवा वेतनवाढीसाठी ही पदविका धरली जाते का, हे संस्थेला नव्हे, तुमच्या कार्यालयाला विचारा.

पहिल्या तीन प्रश्नांना टाळाटाळ झाली, तर फी भरण्याची घाई करू नका.

प्रवेश घेतल्यावर

- स्वतःच्या केंद्राचा प्रश्न घेऊन वर्गात बसा. रुग्णांची नावे, पत्ते, फोटो मात्र कधीही दाखवू नका.
- शिक्षकाने परदेशातले उदाहरण दिले, तर ‘आमच्या उपकेंद्रात हे कसे करायचे?’ असे नम्रपणे पण नक्की विचारा.
- शिकलेली एक गोष्ट महिन्याभरात करून पाहा: औषधसाठ्याची नोंद, स्थलांतरित मुलांची यादी, काहीही.
- आशाताई आणि आरोग्यसेविकांना सोबत घ्या. कोणती वाडी कधी रिकामी होते, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते.

शिक्षक दिल्लीत असोत की हैदराबादेत, त्यांनी कर्जत पाहिलेले असलेच पाहिजे असे नाही. त्यांना प्रश्न विचारता यायला हवा आणि तुमचे उत्तर ऐकण्याची तयारी हवी. यंदा दिवाळीनंतर वाडी सोडणाऱ्या एखाद्या मुलाची लस तुमच्या यादीमुळे चुकली नाही, तर फी वसूल झाली असे समजा.