मे महिन्यात कोण लिहीत होते?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, ही नोंद मराठीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. पण त्या अंकात आणि त्याच्यामागून आलेल्या असंख्य अंकांत जे छापले गेले ते वर्षाच्या कोणत्या दिवसांत लिहिले गेले, हा साधा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अंक आश्विनात बाजारात यायचा तर खिळ्यांची जुळणी आणि मुद्रिते भर पावसाळ्यात सुरू व्हायला हवीत. आणि जुळाऱ्याच्या हाती मजकूर पडायचा तर संपादकाचे निमंत्रणपत्र लेखकाकडे उन्हाळ्यातच पोचायला हवे. दिवाळीचे म्हणून आपण जे साहित्य वाचतो, त्यातले बरेचसे वैशाखातल्या घामाने भिजलेले आहे.

ठाकूरद्वारच्या परिसरात हे वेळापत्रक सर्वांत स्पष्ट दिसते. एका बाजूला काळबादेवीकडे कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचे १८६९ पासूनचे निर्णयसागर. दुसऱ्या बाजूला खटाववाडीत मौज. केळेवाडीत १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ. आणि खुद्द ठाकूरद्वारला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची शाखा. चालत फिरावे एवढ्या टापूत लेखक, मुद्रक, संपादक आणि वाचक एकत्र नांदत होते.

त्याआधीचा उन्हाळा लिहिण्याचा नव्हता, बोलण्याचा होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पहिली ग्रंथकार सभा भरली ती ११ मे १८७८ रोजी, दुसरी १८८५ च्या मे महिन्यात. न्यायालये बंद, शाळा बंद, त्यामुळे जमायला सवड. हा हिशेब उघड आहे. याच दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. सर्वांना मानवी हक्क न देणाऱ्यांच्या सभांशी आपला मेळ बसत नाही, हा त्यांचा मुद्दा सर्वश्रुत आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मे महिना ज्यांना मोकळा असतो त्यांची ती सभा होती. शेतकऱ्याला त्या दिवसांत पेरणीपूर्वीची मशागत उरकायची असते.

दिवाळी अंकाने या मोकळ्या महिन्याला तारखेचे बंधन घातले. विसाव्या शतकाच्या मध्यावर कथा-कविता लिहिणाऱ्यांकडे नजर टाकावी: गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, विंदा करंदीकर इंग्रजीचे, वसंत कानेटकर नाशिकला प्राध्यापक. परीक्षांचे गठ्ठे संपले की जून उजाडेपर्यंतचे आठवडे त्यांचे स्वतःचे. गिरगावात त्याला आणखी एक अनुकूलता होती. चाकरमान्यांची कुटुंबे कोकणात जात. पावसाळ्यात बोटी बंद होत असल्याने मे संपता संपता परतणे भाग असे. तेवढे दिवस चाळ निम्मी रिकामी. नळावरची भांडणे थंडावलेली, गॅलरीत पोरे नाहीत, आणि एरवी सहा जणांच्या खोलीत एकट्याला एक टेबल. मे महिन्यात मुंबईचे सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, नागपूरच्या मानाने काहीच नाही. इथला शत्रू ऊन नव्हे, दमटपणा. मनगटाखालचा कागद ओला होतो, शाई पसरते. म्हणून पहाटे किंवा रात्री उशिरा बसायचे. (मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहिले ते नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या महिन्यांत. तिथला एप्रिल भाजून काढणारा असतो. पेन्सिल त्याआधीच खाली ठेवली गेली.)

एवढ्याने सवय लागते का? माझ्या मते नाही. वर्षातून एकदा तारखेच्या धाकाने लिहिणारे लेखक मराठीत पुष्कळ झाले, आणि दिवाळी अंकांतल्या साचेबंद कथेचा मोठा वाटा त्यांचा आहे. सवय लावली ती मासिकाने. १९३३ ते १९८२ अशी जवळजवळ पन्नास वर्षे चाललेल्या ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर सविस्तर पत्रे लिहीत. कथा ‘साभार परत’ येई, पण पुष्कळदा तिच्यासोबत काय फसले आहे आणि कुठे पुन्हा बसायला हवे हेही येई. वैशाखात पाठवलेली कथा आषाढात परत आली की लेखकाला सुट्टी संपल्यावर, नोकरी सांभाळून, तिच्याकडे वळावे लागे. उन्हाळ्याचे लेखन वर्षभर चालू राहिले ते या परत येण्यामुळे. ‘सत्यकथे’च्या अभिरुचीवर आक्षेप घेणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे, तरीही तिच्या संपादकांनी नाकारण्यासाठी खर्च केलेले श्रम मला स्वीकारलेल्या मजकुराइतकेच मोलाचे वाटतात.

पण फुल्यांच्या पत्राने जागवलेला प्रश्न इथेही सुटत नाही. ज्या घरात प्राध्यापक लिहीत बसे, त्याच घरातल्या बाईला मे महिना सर्वांत कमी मोकळा. मुले घरी, गच्चीवर पापड-कुरडया, बरणीत लोणची, कोकणातून आलेले पाहुणे. तिने लिहायचे तर जूनमध्ये, शाळा उघडल्यावर दुपारी. स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास लिहिताना आपण विषय आणि शैली तपासतो. महिने तपासले तर वेगळेच काही हाती लागेल.

आणि गिरगावातून परळ-लालबागला गेले की हे वेळापत्रकच लागू पडत नाही. गिरणीला पाळ्या होत्या, प्राध्यापकाची उन्हाळी सुट्टी नव्हती. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून काम केले, पुढे शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ चा. टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. ज्या वस्तीवरून त्याला नाव मिळाले ती ठाकूरद्वारपासून फार लांब नाही. या लेखनामागे मे महिन्याचे रिकामे टेबल नाही. पाळी सुटल्यावरची, दोन फेऱ्यांमधली वेळ आहे. कवितेचा आकार, ओळीची लांबी, मध्येच तुटणारा आणि पुन्हा धडकणारा आवेग यांचा या वेळेशी काय संबंध आहे, हे वर्गात शिकवताना तरी विचारायला हवे.

१९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांना तो उन्हाळा पूर्ण रिकामा मिळाला. त्यांतले कितीतरी गावी गेले, आणि जून लागला तरी बोलावणारा भोंगा वाजला नाही.