सरंजाम, सनद आणि गोव्याची बोलणी

आपल्या अकलूज-माळशिरसच्या बाजूला बांधाचा तंटा उभा राहिला, की जाणती माणसे पहिला प्रश्न विचारतात, "कागद काय म्हणतो?" गोव्याच्या प्रकरणातही असाच एक जुना कागद निघाला. तो होता पुण्याच्या पेशवाईतला. आणि त्याचा अर्थ लावला गेला तो मात्र थेट युरोपात, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात.

१९४७ साली इंग्रज गेले, पण गोवा, दमण, दीव पोर्तुगालकडेच राहिले. भारत सरकारने आधी बोलण्याची तयारी केली. लिस्बनला वकिलात उघडली. २७ फेब्रुवारी १९५० रोजी रीतसर टिपण देऊन कळविले, की ह्या मुलखाच्या भवितव्याविषयी वाटाघाटी करू. तेथील लोकांची भाषा, चालीरीती ह्यांना धक्का लागणार नाही. जूनमध्ये उत्तर आले: हा चर्चेचा विषयच नव्हे!

आणि पुढच्याच वर्षी सालाझार सरकारने काय केले पाहा. राज्यघटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्दच पुसला आणि 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. वसाहत म्हटली तर जगाला विचारता येते. प्रांत म्हटला की घरचा मामला. युक्ती पाटीलकीच्या भांडणात शोभेल अशीच! समोरचा बोलायलाच बसेना, तेव्हा भारताने ११ जून १९५३ रोजी लिस्बनची वकिलात बंद केली. उलट फ्रान्स बोलणी करीत राहिला आणि १ नोव्हेंबर १९५४ ला पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती आला.

त्याच वर्षी दमणच्या आतल्या बाजूची दादरा व नगर हवेलीतली गावे स्वयंसेवकांनी मुक्त केली. तिकडे जाण्याची वाट भारतीय मुलखातून. ती भारताने अडविली, म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगला गेला. म्हणणे असे, की पेशव्यांनी १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा ह्यांनी ही गावे आम्हांला दिली; सबब जाण्यायेण्याचा हक्क आमचा.

दिली, पण कशी दिली? सगळी मेख येथे होती. तहात बोली होती ती बारा हजार रुपये उत्पन्नाच्या गावांची, सरंजाम म्हणून. सरंजाम म्हणजे काय हे गावच्या कुलकर्ण्याला वेगळे सांगावे लागले नसते. वसूल घेणाऱ्याने घ्यावा, मुलूख मात्र देणाऱ्याचा.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने मानले. आपलेही सारेच म्हणणे टिकले नाही, हे सांगितले पाहिजे. तहच कायदेशीर नव्हता, हा भारताचा मुद्दा फेटाळला गेला. शिवाय मराठ्यांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगालची सत्ता वागण्यातून मान्य केली होती, असेही ठरले. त्यामुळे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल ह्यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे ह्यांना नव्हती. आणि १९५४ साली वाट अडविण्यात भारताने आपले बंधन मोडले नाही, असा निर्वाळा मिळाला.

बोलणी तरीही सुरू झाली नाहीत. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली. ज्या मेजावर लिस्बनने १९५० साली बसावयाचे नाकारले, तेथे ते बसले १९७४ मध्ये, तेही पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळल्यावर. ३१ डिसेंबरला दिल्लीत तहावर सह्या झाल्या. त्यात गोवा, दमण, दीव ह्यांच्याबरोबर दादरा आणि नगर हवेलीचीही नावे होती.