संकासुर येण्याआधी एक कोरी चाय

खाली बघून चाला. जांभ्या दगडाची वाट आहे, अंधारात अंगठा फुटायला वेळ लागत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली होणार आहे, त्याचं मुख्यालय ओरोसला उभं राहणार आहे. तुम्ही मात्र त्याच्याही वीसेक वर्षं आधी, ओरोसच्या आसपासच्या एका गावात उतरला आहात. विजेचा खांब इथे अजून पोचलेला नाही. पुढे एक आजोबा माडाच्या चुडताची पेटती चूड हलवत चाललेत. धुराने डोळे चुरचुरतात, मागून पोरं ढकलतात. सगळा गाव देवळाकडे निघालाय. आज जत्रा आहे, म्हणजे रात्रभर दशावताराचं नाटक आहे.

देऊळ दिसायच्या आधी वास येतो. तापल्या तेलाचा, मग उकळत्या गुळाचा, मग ठेचलेल्या आल्याचा. खाजेवाला बेसनाच्या तळलेल्या कांड्या पाकात टाकून झपाझप वरखाली करतोय. गरम खाजा तोंडात टाका. आधी गुळाचा पापुद्रा मोडतो, मग बेसन कुरकुरतं, आणि सगळ्यात शेवटी आलं घशात उतरतं. थंडी तिथेच अर्धी पळते.

आता बाजूच्या हॉटेलात शिरा. चार वासे, वर झावळ्या, आत दोन बाकडी आणि एक धगधगती चूल, एवढंच हॉटेल. मालकाच्या कपाळावरचा घाम चुलीच्या उजेडात चमकतोय.

"खंयसून इलंस रे झिला? बस. चाय घेतंस?"

तुम्ही तोंड उघडेपर्यंत कोरी चाय समोर येते. गलास इतका तापलेला, की सदऱ्याच्या टोकानेच धरावा लागतो. मागोमाग कागदावर कांदाभजी येतात. कागद तेलाने पारदर्शक झालाय. शेजारच्या काकांच्या श्वासाला माडीचा आंबूस वास आहे. ते तुमच्यातलं एक भजं न विचारता उचलतात आणि आपल्या उसळीची वाटी तुमच्याकडे सरकवतात. हिशोब झाला.

इथून समोरचं सगळं दिसतं. गॅसबत्ती सूं सूं करतेय, तिच्याभोवती किड्यांचा घेर. आडोशाला नट स्वतःच आपला चेहरा रंगवतायत. दिवसभर डोक्यावर पेटारा घेऊन मागच्या गावाहून चालत आलेली ही माणसं. मिशी काढलेला एक जण आरशाचा तुकडा गुडघ्यावर ठेवून कुंकू रेखतोय, तो स्त्रीपार्टी. थोड्या वेळाने त्याच्या रडण्याने बायका पदर डोळ्यांना लावणार आहेत. मृदंगवाला डाव्या तोंडाला कणकेचा लेप चढवतो, थाप मारतो, मान हलवतो, अजून थोडी कणीक लावतो. पायपेटीवाल्याने भात्यावर पाय ठेवलाय.

आणि मग पहिली थाप.

कानाला कळायच्या आधी ती बाकड्याच्या फळीतून तुमच्या मांडीत येते. झांज कडाडते. पेटीचा सूर झावळ्यांच्या छपराखाली भरतो आणि हॉटेलातलं बोलणं अर्ध्यावर थांबतं. मालक झारा कढईतच ठेवून वळतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती मोरावरून येते. भटजी नमस्कार घालून घेतात. तेवढ्यात काळ्या वेशातला, लांब लाल जिभेचा संकासुर गर्दीच्या अंगावर येतो. पुढची पोरं किंचाळून आयांच्या कुशीत शिरतात. त्याची नजर तुमच्यावर पडते.

"ह्यो नवीन पावणो खंयचो? भजी खाताहा, माका इचारूक नाय!"

सगळी जत्रा वळून तुमच्याकडे बघते. घाबरू नका, उत्तर द्या. काहीही द्या. कारण या नाटकाची लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते रात्रीच ठरलंय, संवाद नट आत्ता उभ्या उभ्या रचतायत. तुम्ही "ये, खा मा!" म्हणालात, तर त्यावर तो पुढचा वाक्बाण सोडेल आणि मृदंगवाला त्याला थापेने दाद देईल. खेळात तुमचंही एक वाक्य जमा झालं.

मध्यरात्र उलटली की आख्यान रंगतं. तुमच्या हॉटेलात असतं तसलंच एक साधं बाकडं तिथे सिंहासन होतं, थोड्या वेळाने डोंगर होतं. दोन राजे तलवारी उपसून गिरक्या घेतात, मृदंग धावायला लागतो, धूळ उडून तुमच्या चहात पडते. तो तसाच प्या. मघाचे काका पेंगतायत. लढाईच्या ठेक्यावर त्यांचं डोकं हलतंय. पहाटेच्या सुमाराला थंडी हाडात शिरते, तेव्हा मालक न मागता दुसरा गलास आणून ठेवतो. तुम्ही झोपलात तर त्याचा धंदा बुडतो हे खरं. पण तुम्ही झोपलात तर नटाने बोलावं कोणाशी? चुलीवरच्या चहाने गिऱ्हाईक जागं ठेवायचं, जाग्या गिऱ्हाइकाने नटाला बोलतं ठेवायचं, आणि नटाने सगळ्या गावाला. रात्र अशी तिघांच्या खांद्यावर पार पडते.

उजाडताना हंडी फुटते. दहीकाल्याचे शिंतोडे तुमच्या गालावर उडतात, हातावर प्रसाद पडतो, थंड आणि आंबट. गाणं आणि खाणं एकाच छपराखाली देणारी ठिकाणं पुढे पुष्कळ निघतील. तिथे नुसतं पैसे मोजून बसता येईल. इथे मात्र तुम्हाला रात्रभर हजर राहावं लागलं.

आणि असं रात्रभर हजर राहण्याची सोय आजही आहे. वालावलकर, आरोलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर, खानोलकर ही दशावतारी मंडळांची नावं सिंधुदुर्गात घरोघरी ठाऊक आहेत. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात. जा. मोबाइल खिशात ठेवा, पुढे बसा, खाजा हातात असू द्या. संकासुराने काही विचारलं तर गप्प बसू नका.