संगणक-व्यवसायाचे दबावगट, मुंबई व उपनगरांतील

संगणक-आज्ञावली (सॉफ्टवेअर) व इंटरनेट-सेवा यांचा व्यवसाय करणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्यांनी दूरसंचार, करआकारणी आणि इंटरनेट यांविषयीच्या शासकीय धोरणांवर व कायद्यांवर प्रभाव पाडण्यासाठी केलेले संघटित प्रयत्न. एकट्यादुकट्या मध्यम कंपनीला दिल्लीच्या शासनव्यवहारात फारसे वजन नसते. त्यामुळे या प्रयत्नांचा इतिहास हा मुख्यतः व्यावसायिक संघटनांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : कांडल्यानंतरचे देशातील दुसरे निर्यात प्रक्रिया क्षेत्र ‘सीप्झ’ (सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन) १ मे १९७३ रोजी अंधेरी (पूर्व) येथे स्थापन झाले. मूलतः ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी होते. तथापि टाटा-बरोज, मास्टेक (स्थापना १९८२) यांसारख्या कंपन्यांमुळे सॉफ्टवेअर-निर्यातीचेही ते एक आद्य केंद्र बनले. या मालाच्या निर्यातीस बंदरापेक्षा संदेशवाहिनीची गरज अधिक होती. परदेशी संदेशवहनाची मक्तेदारी मात्र १९८६ पासून विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडे होती. परिणामी आज्ञावली चुंबकीय फितींवर पाठवाव्या लागत किंवा कर्मचाऱ्यांनाच परदेशी ग्राहकाकडे धाडावे लागे.

याच परिसरात संगणकीय जाळे मात्र अवतरले होते. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र (एन्‌सीएस्‌टी) व पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास दूरध्वनीमार्गे ई-मेलची देवघेव सुरू झाली आणि १९८९ मध्ये जुहूचे केंद्र अमेरिकेतील जाळ्याशी जोडले गेले. परंतु ‘अर्नेट’ नावाचे हे जाळे शिक्षण व संशोधन यांपुरते मर्यादित होते. तंत्र हाताशी असूनही अनुज्ञेय नसणे, ही व्यावसायिकांची अडचण त्यामुळे तांत्रिक नसून धोरणात्मक ठरली.

संघटनेची स्थापना : यंत्रनिर्मात्यांची ‘मेट’ ही संघटना १९८२ पासून अस्तित्वात होती. परंतु संगणकांची आयात महाग राहणे हे देशी यंत्रनिर्मात्यांच्या हिताचे, तर ती स्वस्त होणे सॉफ्टवेअर-कंपन्यांच्या हिताचे होते. या हितविरोधातून १ मार्च १९८८ रोजी ३८ सदस्य-कंपन्यांची ‘नॅसकॉम’ ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत मुंबईचे हरीश मेहता व मास्टेकचे अशांक देसाई हे होते. अर्थसंकल्पापूर्वी निवेदने देणे, व्यवसायाची आकडेवारी गोळा करून अधिकाऱ्यांपुढे ठेवणे आणि शासकीय समित्यांवर प्रतिनिधित्व मिळविणे, ही तिची कार्यपद्धती. देवांग मेहता (मृत्यू २००१) यांच्या कारकीर्दीत तिचा प्रभाव विशेष वाढला.

सॉफ्टवेअर-निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकर सवलत (कलम ८० एचएचई, १९९१), उपग्रहमार्गे संदेशवाहिन्या पुरविणारी सॉफ्टवेअर तंत्रविद्या उद्याने (१९९१) आणि १९९४ ची स्वामित्वहक्क दुरुस्ती ही या काळातील महत्त्वाची फलिते होत. त्यांचे सर्व श्रेय संघटनेस देता येत नाही. १९९१ च्या परकीय चलनसंकटामुळे निर्यात वाढविणे ही शासनाचीही निकड झाली होती.

इंटरनेटचे खुलीकरण : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह प्रमुख शहरांत इंटरनेट-सेवा सर्वसामान्यांस उपलब्ध केली. मे १९९८ मध्ये पंतप्रधानांनी माहिती-तंत्रज्ञानविषयक कृतिदल नेमले व त्यात व्यवसायाचे प्रतिनिधी घेतले. कृतिदलाने जुलैमध्ये शंभराहून अधिक शिफारशी केल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट-सेवेचे परवाने खुले झाले व पहिली पाच वर्षे परवानाशुल्क माफ करण्यात आले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला.

मध्यस्थाचे दायित्व : या अधिनियमातील उणीव मुंबईच्या ‘बाझी डॉट कॉम’ या विक्रीस्थळाच्या प्रकरणी उघड झाली. एका विक्रेत्याने तेथे आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि डिसेंबर २००४ मध्ये कंपनीच्या प्रमुखास दिल्ली पोलिसांनी अटक केली. इतरांनी ठेवलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थास कितपत जबाबदार धरावे, हा प्रश्न यामुळे व्यवसायाच्या अस्तित्वाचा बनला. संघटनांनी निषेध केला. शासनाने जानेवारी २००५ मध्ये तज्ञ-समिती नेमली. २००६ चे दुरुस्ती विधेयक संसदेच्या स्थायी समितीपुढे गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये फारशी चर्चा न होता संमत झाले. नव्या ७९ व्या कलमाने मध्यस्थांस अटींसह संरक्षण दिले.

त्याच दुरुस्तीने ‘६६ अ’ हे कलमही अधिनियमात घातले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मजकूर लिहिणारी व त्यास पसंती दर्शविणारी अशा दोन तरुणींना अटक झाली. त्या वेळी या कलमाचाही वापर करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरविले. कंपन्यांच्या रक्षणासाठी संघटना होती. सामान्य लेखकास न्यायालयाखेरीज आधार नव्हता, हा या दोन कलमांतील भेद बोलका आहे.

हितसंबंधांतील फूट : सरकारी मक्तेदारीविरुद्ध एक असलेले व्यावसायिक पुढे विभागले गेले. २०१५ मधील जाल-तटस्थतेच्या वादात दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे नागरिकांची दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली. त्या वेळी मुंबईत मुख्यालय असलेली क्लिअरट्रिप ही कंपनी फेसबुकच्या मोफत-सेवा योजनेतून बाहेर पडली. प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावयुक्त दरांस मनाई केली. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने मुंबईच्या शादी डॉट कॉमसह काही भारतीय कंपन्यांची उपयोजने आपल्या भांडारातून काढली. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ती परत आली. पूर्वी शासनाविरुद्ध मागितलेली दाद आता शासनाकडेच मोठ्या परदेशी कंपन्यांविरुद्ध मागितली जाऊ लागली. संघटित व्यवसायास नेहमीच यश येते असे मात्र नाही : ऑगस्ट २०२५ च्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली व मुंबईच्या ड्रीम ११ ला असे खेळ थांबवावे लागले.

मूल्यमापन : या गटांमुळे कायदेकर्त्यांस तांत्रिक माहिती मिळाली व कालबाह्य निर्बंध दूर होण्यास मदत झाली. परंतु अमेरिकेप्रमाणे दबावगटांच्या नोंदणीचा कायदा भारतात नाही. दूरसंचार प्राधिकरण आपल्याकडे आलेली निवेदने प्रसिद्ध करते; व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या २०२२ च्या मसुद्यावरील अभिप्राय मात्र शासनाने प्रसिद्ध केले नाहीत. कोणी काय मागितले हे जेथे उघड असते, तेथेच दिलेल्या सवलतीचे मोल नागरिकांस पारखता येते.