मज्जातंतूचा सांगावा

आमच्या देवबागेच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी. मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर घरे, माड आणि शाळा. समोरच्या अरबी समुद्रात पाकटाच्या कुळातले काही मासे असे आहेत, की त्यांना हात लावावा तर विजेचा झटका बसतो. रोमच्या स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोकेदुखीवर असाच जिवंत मासा कपाळाला लावायला सांगितला होता. रोग्याचे काय झाले असेल ते असो! या माशाच्या अंगात विजेचा जो अवयव असतो, तो म्हणजे रूप पालटलेला स्नायूच. आकुंचन पावायचे तो विसरला, पण मज्जातंतूचा निरोप ऐकायचे विसरला नाही. म्हणूनच मज्जातंतू आणि स्नायू यांची गाठ कशी पडते, या शोधाच्या इतिहासात या माशाला मोठा मान आहे. दिवाळीच्या फराळापुढे शास्त्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण चकलीचा तुकडा मोडला तो याच गाठीच्या जोरावर.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूने स्नायूपर्यंत येतो, पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये अतिशय अरुंद फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य त्या फटीत पडते आणि पलीकडच्या काठावर ते ओळखणारे रेणू बसलेले असतात. केंब्रिजच्या लँग्लेने १९०५ साली असे काही ‘ग्रहण करणारे द्रव्य’ स्नायूत असले पाहिजे, हे मांडले. आज आपण त्यांना ग्राही म्हणतो.

नवल पुढेच आहे. वाढ पूर्ण झालेल्या स्नायूवर, तंतूच्या टोकासमोर, एका चौरस मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुमारे १०,००० ग्राही दाटीने बसलेले असतात. तिथून थोडे दूर गेले, की तेवढ्याच जागेत १० सुद्धा सापडत नाहीत. गर्भातल्या कोवळ्या स्नायूवर मात्र ते सर्वत्र पसरलेले असतात. मग त्यांना एका जागी बोलावले कोणी? रापण ओढायला माणसे किनाऱ्यावर जमतात, तेव्हा कोणीतरी हाळी घातलेली असते. इथे हाळी कोणाची?

१९५९ साली ॲक्सेलसन आणि थेस्लेफ या दोघांनी मांजराच्या स्नायूचा तंतू तोडून पाहिला. काही दिवसांत तो स्नायू एका ठिकाणी नव्हे, तर सगळीकडे ॲसिटिलकोलीनला ओ देऊ लागला. १९७२ साली लोमो आणि रोझेन्थाल यांनी उंदराच्या अशाच तुटल्या तंतूच्या स्नायूला बाहेरून विजेचे झटके देऊन हलते ठेवले, तेव्हा ही भलतीकडची संवेदना ओसरली. म्हणजे स्नायू कामात राहिला, की इतरत्र ग्राही मांडून ठेवायचे तो सोडून देतो. पण नेमक्या जागी त्यांना धरून कोण ठेवते, हे कोडे तसेच राहिले.

त्याचे उत्तर बेडकाने दिले. मला या साऱ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. स्नायूच्या प्रत्येक धाग्याभोवती उशीच्या अभ्र्यासारखी एक पातळ खोळ असते. १९७९ साली अमेरिकेत बर्डन, सार्जंट आणि मॅकमहन यांनी बेडकाचा स्नायू आणि तंतू दोन्ही नष्ट होऊ दिले, रिकामी खोळ तेवढी राखली आणि तंतूला परत वाढू दिले नाही. त्या खोळीत नवा स्नायू उगवला. त्याने तंतूचे तोंडही पाहिले नव्हते, तरी त्याचे ग्राही जुन्या गाठीच्या जागीच येऊन जमले! घर पडून जोत्यावर नवे घर उभे राहावे आणि देव्हारा जुन्याच कोनाड्यात बसावा, तसे झाले. खूण खोळीत होती.

ही खूण कशाची, हे शोधायला द्रव्य पुष्कळ हवे होते आणि बेडकाच्या स्नायूत अशा गाठींची जागा फारच थोडी. विजेच्या माशाचा अवयव मात्र अशा गाठींनी गच्च भरलेला. मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली त्यातूनच ते प्रथिन वेगळे काढले आणि ‘एकत्र जमवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ॲग्रिन हे नाव दिले. तंतू ते स्वतः तयार करतो आणि टोकाशी आणून खोळीत ठेवतो. १९९६ साली ॲग्रिन नसलेली उंदराची पिल्ले निपजवली, ती जन्मतःच श्वासाविना मेली.

इथे गोष्ट संपली असे वाटले होते. पण २००१ साली दिसले, की तंतू मुळीच नसला तरी गर्भातल्या स्नायूच्या मध्यावर ग्राहींचे पुंजके आपोआप जमतात. मग ॲग्रिनचे काम काय? २००५ साली उलगडा झाला. ॲग्रिन आणि ॲसिटिलकोलीन दोन्ही नसलेल्या पिल्लांत ते पुंजके टिकून राहिले. निरोप नेणारे ॲसिटिलकोलीनच ग्राहींना पांगवत होते आणि ॲग्रिन आपल्या जागेवरच्यांना तेवढे सांभाळून धरत होते. एकच तंतू एका हाताने पिटाळतो, दुसऱ्या हाताने धरून ठेवतो. वर्ग सांभाळणाऱ्या मास्तराला हे समजायला फार शास्त्र लागत नाही.

या ग्राहींची मोजदाद कशी झाली, तेही सांगायला हवे, कारण ती वाट आपल्या अंगणातून जाते. आपल्या मण्यारीची एक बहीण तैवानात असते. तिथल्या चांग आणि ली यांनी १९६३ साली तिच्या विषातून एक द्रव्य वेगळे केले. ते ग्राहीवर बसले की सहसा सुटत नाही. त्याच्यावर खूण लावून शास्त्रज्ञांनी ग्राही मोजले. मण्यारीच्या विषात आणखीही एक जात असते, ती तंतूच्या टोकातच शिरून ते मोडून टाकते.

कोकणात मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. ना सूज, ना फारशी वेदना. म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात. मग पापण्या मिटू लागतात, आवाज जातो, शेवटी छातीचे स्नायू थांबतात. माणूस गेला असे बघणाऱ्याला वाटते, आणि त्याला मात्र पुष्कळदा सारे ऐकू येत असते. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ग्रामीण भागातल्या नाग-मण्यारीच्या दंशांवर निबंध लिहिले आहेत, ते याच रोग्यांविषयी. सर्पदंशावरची लस रक्तातले विष पकडते, पण मोडलेली टोके ती सांधू शकत नाही. ती तंतूलाच पुन्हा वाढवावी लागतात, आणि वाढताना ती जुन्याच जागी येतात, कारण खोळीतली खूण शाबूत असते. याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस श्वासाचे यंत्र चालू राहिले, तर माणूस पुन्हा आपल्या छातीने श्वास घेऊ लागतो.