‘परमिट रूम’ या पाटीची कुळकथा

मराठवाड्यातल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की बजाजनगरच्या रस्त्यांवर गर्दी उसळते. तिथल्या दुकानांच्या रांगेत ‘परमिट रूम’ ही पाटी हमखास दिसते. गोव्यात जो नुसता ‘बार’, तो महाराष्ट्रात ‘परमिट रूम’ का, हे मात्र कुणी विचारत नाही.

उत्तर 1949 सालात आहे. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री, आणि मुंबई राज्याने केलेला दारूबंदीचा कायदा. बंदी सर्वांना, सूट फक्त परवानाधारकाला. ज्याच्या प्रकृतीला दारूची गरज आहे असं मानलं जाई, त्याला परवाना मिळे आणि त्याने ठरलेल्या खोलीत बसून प्यायची. ती खोली म्हणजे परमिट रूम. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यातून नुकताच सुटला होता, तिथे आबकारी हा तिजोरीचा मोठा आधार. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि मुंबईचा कायदा मागोमाग आला.

मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली. कायदा मात्र राहिला, परवानाही राहिला. आजही विदेशी दारूच्या परवान्यावर ती ‘आरोग्य राखण्यासाठी’ असल्याचं लिहिलेलं असतं. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपयांचा, देशीसाठी 2 रुपयांचा.

दारू पिण्याच्या किमान वयाचा वादही याच परवान्याच्या कागदाला चिकटलेला आहे. राज्यात बिअरसाठी 21 वर्षं, कडक दारूसाठी 25. 2011 च्या व्यसनमुक्ती धोरणाने 25 हा आकडा ऐरणीवर आणला, तेव्हा अभिनेते इमरान खान त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. अठराव्या वर्षी मतदान करणाऱ्याला पेला का नाकारायचा, हा त्यामागचा सवाल. तो खोटा नाही. गोव्यात मर्यादा 18 आहे. दिल्लीने 2021 च्या धोरणात 25 वरून 21 वर यायचं ठरवलं, पण पुढच्याच वर्षी ते धोरण मागे घेतलं. अमेरिकेत उलटी गंगा वाहिली: 1970 च्या दशकात अनेक राज्यांनी वय खाली आणलं, रस्त्यांवर तरुण मरू लागले, आणि 1984 मध्ये केंद्राने महामार्गांचा निधी कापण्याची तंबी देऊन सगळ्यांना 21 वर आणलं.

बजाजनगरला हा वाद परका नाही. आयटीआय करून अठरा-एकोणिसाव्या वर्षी मुलं इथे शिकाऊ म्हणून येतात, खोली भाड्याने घेऊन चौघं-पाच जण राहतात. पहिला पगार हाती येतो आणि घरचं माणूस जवळ नसतं. शिवाय याच वाळूज परिसरात बिअरचे कारखाने उभे आहेत.

खेड्यापाड्यांत दारूच्या प्रश्नावर बायकांनी निराळाच मार्ग काढला. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात ‘आडवी बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, कौल दिला की गावातलं दुकान बंद. तिथे 21 की 25 हा वादच उरत नाही.

बाकी ठिकाणी आकडा कोणताही ठेवा, तो पाळायचा तर काउंटरवर परवाना मागावा लागेल. खोलीचं नाव परमिट रूम आहे. आत बसणाऱ्याच्या हातात परमिट आहे का, त्याचं वय किती, एवढं तरी आधी तपासायला लावा. वय खाली आणायचं की नाही, हे त्यानंतर ठरवा.